मोतीचें रक्त

कुत्र्याला सोडून स्वर्गांत जाण्यास धर्मराजानें नकार दिला, ही महाप्रस्थानिक पर्वांतील कथा आम्हीं तीस वर्षें वर्गांत रंगवून सांगितली. तथापि नातवानें मोती नांवाचें पिल्लूं घरीं आणिलें, तेव्हां त्यास ओसरीच्या आंत येऊं द्यावयास आमचें मन घेईना. परंतु नातवंडांपुढें म्हाताऱ्यांचें किती चालतें, हें वाचकांस सांगावयास नको!

गेल्या वर्षीं मुंजीनिमित्त माजघराच्या जुन्या दारांचा रंग खरवडून काढिला. पंधरवड्यांत मोतीचें अन्न तुटलें, ओकाऱ्या होऊं लागल्या आणि एके सायंकाळीं त्यास झटके आले. पशुवैद्यांनीं दारांची हकीकत ऐकतांच रक्त घेतलें. जुन्या रंगांत शिसें पुष्कळ असे. आपल्याकडे त्यास दशलक्षांत ९० भागांची मर्यादा २०१७ सालीं लागू झाली.

आमची जिज्ञासा पाहून त्यांनीं सारें समजावून सांगितलें. रक्तांतील शिसें बहुतेक तांबड्या पेशींत असतें, म्हणून त्यासाठीं सबंध रक्त लागतें. जस्त निवळींत मोजावयाचें, तर पेशी फुटतां कामा नयेत. नळीचें रबरी बूचसुद्धां आपलें जस्त मिसळून फसवितें. तांबें याहून कपटी. बेडलिंग्टन टेरियर जातींत तें यकृतांत सांचत जातें आणि रक्त मात्र निर्दोष दिसूं शकतें. मोजणीची एक रीत ॲलन वॉल्श यांनीं १९५५ सालीं प्रसिद्ध केली. नमुन्याची वाफ करून तींतून त्याच धातूचा विशिष्ट प्रकाश सोडावयाचा, आणि किती प्रकाश शोषला गेला त्यावरून धातूचा अंश ठरवावयाचा.

अहवालांत शिसें बरेंच अधिक निघालें. तो वाचून पशुवैद्यांनीं विचारिलें, "गुरुजी, घरांत रांगतें मूल आहे काय?"

आमच्या पायांखालची जमीन सरकली. धाकटी नात त्याच फरशीवर रांगत होती! सूनबाईंनीं दुसऱ्याच दिवशीं तिचें रक्त तपासविलें. अमेरिकेंत २०२१ पासून मुलांकरितां दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम ही सूचक मर्यादा धरितात. तिचा आंकडा त्याहून थोडा वर होता. बालवैद्यांनीं औषध दिलें नाहीं. माजघर बंद ठेवून घरांतील धूळ ओल्या फडक्यानें पुसावयास सांगितली. तीन महिन्यांनीं आंकडा उतरला. मोतीसही उपचारांनीं गुण आला.

कुत्रें पंजे चाटतें, मूल बोटें चोखतें. विषाची वाट एकच. मोतीनें ती आम्हांस आधीं दाखविली, इतकेंच.

आतां तो माजघरांत निजतो. पहाटे त्यास ओलांडून आम्ही देवघराकडे जातों, आणि चुकून पाय लागलाच तर हात जोडतों.