‘टॅकल’ची पकड

मराठी घरांत ‘टॅकल करणे’ आता इतके रुळले आहे की ते परके आहे याची आठवणही राहत नाही. पाणीटंचाई टॅकल करायची, दहावीचे गणित टॅकल करायचे, सोसायटीच्या सभेतील विरोधक टॅकल करायचा आणि रुसलेली आत्याही टॅकलच करायची! चार अगदी वेगळ्या कामांना एकच शब्द वापरताना काही तरी निसटते खास.

हा शब्द मूळचा दर्यावर्दी. उत्तर जर्मनीकडील जुन्या बोलीतून तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ जहाजाचे दोरखंड, कप्प्या व इतर सामग्री असा होता. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये वादळात सापडलेल्या जहाजावरील माणसे ‘टॅकलिंग’ समुद्रात फेकून देतात, ते याच अर्थाने. दोर आणि कप्पी यांच्या जोडणीला आजही ‘टॅकल’ म्हणतात. तिचे गणित सोपे आहे. भार दोन दोरांवर विभागला, तर घर्षण वगळता निम्म्या जोराने तो उचलता येतो. मात्र दोर दुप्पट ओढावा लागतो. जोर वाचतो, धीर अधिक लागतो. पुढे घोड्याला साज चढवणे, मग धरणे, भिडणे असे अर्थ त्याला चिकटत गेले आणि शब्द खेळाच्या मैदानावर उतरला.

तेथेही एकवाक्यता नाही. फुटबॉलमध्ये टॅकल करायचे ते प्रतिस्पर्ध्याच्या पायातील चेंडूसाठी. निष्काळजीपणे केले तर फाउल. रग्बीत मात्र चेंडू घेऊन धावणारा माणूसच धरून खाली आणायचा असतो. पण खांद्याच्या रेषेवर धरण्यास तेथेही मनाई आहे. कबड्डीत आपला ‘पकड’ हा नेमका शब्द होताच. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि ‘सुपर टॅकल’ घरोघरी पोहोचले: तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी पकड केली, तर एक जादा गुण.

चेंडू आणि माणूस यांतील हा भेद मैदानाबाहेर फार महत्त्वाचा ठरतो. बँकांच्या बैठकांत ‘थकबाकी टॅकल करा’ आणि ‘थकबाकीदाराला टॅकल करा’ ही दोन वाक्ये एका दमात बोलली जातात. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते सामान्यतः अनुत्पादक ठरते, येथवर नियम ठरलेला. त्यानंतर पहिल्या वाक्याने निघालेला अधिकारी दुकानात जाऊन उधारी कोठे अडकली, माल का उठत नाही, हे विचारतो. दुसऱ्या वाक्याने निघालेला त्याच दुकानात गिऱ्हाइकांदेखत आवाज चढवतो. वसुली कधी कधी होतेही. पण तो व्यापारी पुन्हा त्या शाखेची पायरी चढत नाही.

मराठीत शब्दांची वाण नाही. संकटाला तोंड द्यावे, जबाबदारी पेलावी, काम तडीस न्यावे (येथे तडही किनाऱ्याचीच, हा योगायोग गमतीचा). माणसांच्या बाबतीत तर भाषा अधिकच जपून पावले टाकते: समजूत घालणे, मनधरणी करणे, रुसवा काढणे, विश्वासात घेणे. यांत कोणालाही खाली पाडायचे नसते.

गावाकडचे घर विकण्याचा विषय निघाला की भावंडे हलक्या आवाजात विचारतात, ‘अण्णांना कोण टॅकल करणार?’ मग थोरला बाजारभाव सांगतो, धाकटी छपराच्या दुरुस्तीचा खर्च मांडते, जावई कागदपत्रे पुढे सरकवतात. सारी बचावफळी एकदम चालून जाते. अण्णा सही करीत नाहीत आणि हट्टी ठरतात. शेजारी बसून ‘अडचण कशाची आहे?’ एवढे विचारले, तर बहुधा किमतीचा विषयच निघत नाही. आईच्या पश्चात तिची पितळेची भांडी कोणाकडे जायची आणि दिवाळीला सगळ्यांनी जमायचे कोठे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.