राणीच्या बागेत मेहुणे का थांबत होते?

गेल्या मे महिन्यात वेळणेश्वरहून मुंबईला गेलो, तेव्हा मुलांनी राणीच्या बागेचा हट्ट धरला. भायखळ्याची ही बाग १८६२ सालची. पूर्वीचं व्हिक्टोरिया गार्डन, आताचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. मुलांना पेंग्विन बघायचे होते. मला गोरखचिंचेचा अवाढव्य बुंधा आणि कैलासपतीची खोडालाच लगडलेली, तोफगोळ्यासारखी फळं.

बरोबर माझे मोठे मेहुणे होते, वय ६२. पिंजऱ्यासमोर सगळेच थांबतात, त्यामुळे त्यांचं थांबणं कोणाला खटकलं नाही. पण बघायला काहीच नसलेल्या जागीही ते उभे राहत. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा चालू लागत. साधारण तेवढंच अंतर गेलं की पुन्हा उभे.

"दादा, काय होतंय?"

"काही नाही हो डॉक्टर, पोटरी भरून येते. वय झालं."

गावात ते दुकानापर्यंतही स्कूटरवर जातात. बागेइतकं सलग चालणंच होत नाही, म्हणून हे दुखणं कधी समोर आलं नव्हतं. त्यात दहा वर्षांचा मधुमेह आणि तीस वर्षांची विडी.

घरी आल्यावर त्यांचे पाय तपासले. उजव्या पावलावरची नाडी लागत नव्हती. पुढे डॉप्लर तपासणीत पायाची रक्तवाहिनी अरुंद झाल्याचं दिसलं.

हे दुखणं ओळखायचं कसं?

चालताना स्नायूंना जास्त रक्त लागतं. अरुंद वाहिनीतून ते पुरत नाही, म्हणून पोटरी आवळल्यासारखी दुखते. नुसतं उभं राहिलं तरी काही मिनिटांत थांबते. गुडघ्याची झीज असेल तर जिना चढता-उतरताना, बसून उठताना सांधा दुखतो. कमरेतली नस दबली असेल तर उभं राहून भागत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं.

साधी तपासणी म्हणजे घोट्याजवळचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून भागाकार करणं. तो ०.९ किंवा त्याहून कमी आला तर पायाच्या वाहिन्या अरुंद झाल्या आहेत असं समजावं. अशा रुग्णाच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या वाहिन्याही बऱ्याचदा खराब असतात. म्हणून हा प्रश्न फक्त पायाचा नाही.

उपाय

तंबाखू, विडी, मिश्री पूर्ण बंद. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आटोक्यात. रक्त गोठू न देणारी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. आणि चालणं! दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. आठवड्यातून निदान तीनदा, ३० ते ४५ मिनिटं. काही महिन्यांत न थांबता जास्त अंतर जाता येतं. मधुमेह असेल तर अनवाणी चालू नका आणि रोज तळवे बघा.

रात्री झोपेत पाय दुखणं, जखम न भरणं, बोट काळं पडणं ही धोक्याची लक्षणं आहेत. पाय अचानक थंड, पांढरा पडून दुखू लागला तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. काही तासांच्या उशिरानेही पाय जाऊ शकतो.

सुट्टीत आईवडिलांना एखाद्या मोठ्या बागेत जरूर न्या. ते कुठे थांबतात, आणि का थांबतात, तेही बघा.