गॅस गेला कुठे?

"एसीचा गॅस संपलाय, भरून घ्या."

हे वाक्य मी सलग तीन वर्षे एप्रिल महिन्यात ऐकले आणि तिन्ही वेळा मुकाट्याने खिशात हात घातला. आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर, त्यात सरकारी कारकून. गाडीचे बॉनेट उघडले की मेकॅनिक म्हणेल तेच खरे. पेट्रोल संपते तसा गॅसही संपत असेल, यात शंका घेण्यासारखे काय होते?

पण गेल्या मे महिन्यात हे अज्ञान अंगाशी आले.

माझ्या आईचे डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून दोनदा फोंड्याहून पणजीला जायचे आणि यायचे. ज्यांच्या घरात असे माणूस आहे त्यांना ठाऊक असेल, अशा रुग्णाला पाणीदेखील मोजून द्यावे लागते. तहान लागली म्हणून तांब्या तोंडाला लावायची सोय नाही. आणि गोव्यातला मे म्हणजे नुसते ऊन नव्हे... घाम येतो, पण सुकत नाही.

त्या दिवशी परतताना बाणस्तारीजवळ वाहने तुंबली. गॅस भरून जेमतेम महिना झाला होता, तरी एसी गरम वारा फेकू लागला. काचा खाली केल्या, तर पुढच्या ट्रकचा धूर आत. आई थर्मासमधला बर्फाचा एक खडा तोंडात धरून डोळे मिटून बसली होती. तिने तक्रार केली नाही. तिने केली असती तर मला बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि एका मित्राने सांगितलेल्या, फक्त एसीचेच काम करणाऱ्या म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. "गॅस भरायचाय," मी म्हटले. त्याने हातसुद्धा लावला नाही. उलट मलाच विचारले, "पात्रांव, ग्यास खंय गेलो?"

मी गप्प. हा प्रश्न तीन वर्षांत मला सुचलाच नव्हता.

"हो पेट्रोल न्हय, जळून सोंपपाक," तो म्हणाला. मग त्याने मला समजावून सांगितले. एसीच्या नळ्या म्हणजे चारी बाजूंनी बंद असलेली वाट. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, त्याची उष्णता बाहेर जाऊन त्याचे पाणी होते, आणि डॅशबोर्डमागच्या इव्हॅपोरेटरमध्ये ते पुन्हा उकळून गाडीतली उष्णता शोषून घेते. आमच्या गाडीत आर-१३४ए आहे. तो मोकळ्या हवेत उणे २६ अंशांनाच उकळतो. तोच गॅस फिरत राहतो. कमी झाला, तर तो कुठून तरी बाहेर गेला, एवढाच त्याचा अर्थ.

मग त्याने डॉक्टरसारखी माझी उलटतपासणी घेतली. वाराच कमी येतो का? तसे असेल तर ग्लोव्ह बॉक्समागचा फिल्टर धुळीने भरलेला असतो, तो घरीही बदलता येतो. गाडी पळताना थंड आणि थांबल्यावर गरम? मग कंडेन्सरचा पंखा बघायचा. काल थंडगार आणि आज एकदम बंद? तर फ्यूज, रिले किंवा कॉम्प्रेसरचा क्लच. आणि हळूहळू, दिवसेंदिवस थंडावा कमी? तर गळती. आमचे दुखणे हे शेवटचे.

त्याने दोन घड्याळे लावली. दोन्ही बाजूंचा दाब कमी. नंतर टॉर्च मारून कंडेन्सरजवळचा एक सांधा दाखवला. तिथे तेलकट काळा डाग होता, त्यावर धूळ बसलेली. गॅसबरोबर तेलही फिरत असते, म्हणून गळतीच्या जागी असा डाग पडतो. उरलेला गॅस यंत्राने काढून घेऊन त्याने नळ्यांत नायट्रोजन भरला, सांध्यावर साबणाचे पाणी सोडले. बारीक बुडबुडे आले. तीन वर्षे माझे पैसे तिथून उडून जात होते!

दोष एका रबरी ओ-रिंगचा. किंमत चहा-भजीएवढी. रिंग बदलून त्याने अर्धा तास पंपाने नळ्या निर्वात केल्या, काटा हलत नाही ना ते पाहिले, कमी झालेले तेल घातले आणि बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलेला गॅस ग्रॅममध्ये तोलून भरला. जास्त भरला तरी गार होत नाही, म्हणाला. आणि तेल असेच जात राहिले असते तर कॉम्प्रेसरच बसला असता. तो खर्च माझ्या पगारात मावणारा नव्हता. हे काम मात्र घरी करून बघू नका. दाबाखालचा गॅस हातावर उडाला तर कातडी गोठते, आणि हवेत सोडला तर पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून पुढे आहे.

परतताना मला आमचे कार्यालय आठवत राहिले. एखादा म्हातारा चौथ्यांदा येतो, आणि आम्ही सांगतो, "नवा अर्ज करा." आधीचे तीन अर्ज कुठल्या टेबलावर गळाले, हे कोण शोधतो? मीही शोधले नव्हते. सोमवारी गेल्यावर एक जुनी फाईल शोधायला बसलो. दुपारपर्यंत सापडली. माझ्याच कपाटात होती.

पुढच्या खेपेला बाणस्तारीला पुन्हा वाहने तुंबली. मी आरशात पाहिले. आईने पदर अंगाभोवती घट्ट लपेटून घेतला होता.

"मातसो उणो कर रे एसी," ती म्हणाली. "शीं जाता."