तीन वाजता मागे वळायचं

माझं माहेर वाईचं. पसरणीचा घाट बघतच मी मोठी झाले. लग्नानंतर सोळा वर्षांपूर्वी गुरुग्रामला आले, तेव्हा पहिला प्रश्न पडला होता, ‘इथे डोंगर कुठे आहेत?’ आमच्या नवव्या मजल्याच्या खिडकीतून समोरच्या सोसायटीची नववी खिडकी दिसते. डोंगर बघायचा तर सहा-सात तास गाडी चालवून उत्तराखंडला जायचं, अशीच इथल्या प्रत्येकाची समजूत. माझीही तीच होती.

खरं तर डोंगर घरापासून अर्ध्या तासावर आहे. फक्त तो उंच नाही, म्हणून आपण त्याला मोजत नाही. गुजरातपासून सुमारे ७०० किलोमीटर चालत आलेली अरवली दिल्लीत येऊन संपते. राष्ट्रपती भवन ज्या रायसीना टेकडीवर उभं आहे, तीही याच रांगेची. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड साधारण ६.५ कोटी वर्षांपूर्वीचा. अरवली त्याच्या कित्येक पट जुनी, दीडशे कोटी वर्षांहूनही अधिक वयाची. वारा-पावसाने झिजून झिजून ती आता गुडघ्याएवढी उरली आहे, इतकंच.

या फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी तिथे मोटरसायकलवरून गेले. एकटी.

घरातली परवानगी

मोटरसायकल मुलीची, १५० सीसीची. दोन वर्षांपूर्वी ती शिकत होती, तेव्हा मीही तिच्याबरोबर सेक्टरच्या रिकाम्या रस्त्यांवर गिअर टाकायला शिकले. साताऱ्यात कॉलेजला लुना चालवली होती, त्यामुळे तोल होता. क्लचची सवय व्हायला मात्र महिना गेला. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि गाडी पार्किंगमध्ये कापडाखाली झाकून राहिली. मी भाजी आणायला, पेट्रोल पंपापर्यंत, असं करत करत ती बाहेर काढू लागले. वय एकोणपन्नास.

‘मेवातमधून फिरोजपूर झिरकापर्यंत जाऊन येते,’ असं सांगितल्यावर ‘हे’ जेवता जेवता थांबले. “तिकडे? एकटी?” गुरुग्राममध्ये नूह, मेवात ही नावं काढली की लोकांचे चेहरे बदलतात. २०२३च्या जुलैमधला हिंसाचार सगळ्यांच्या लक्षात आहे. मलाही भीती वाटत नव्हती, असं नाही.

शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला. म्हणाल्या, “जायचं तर जा. पण अंधाराच्या आत घरात पाहिजेस.” मग मी कागदावर हिशेब मांडला. सूर्यास्त सहाच्या सुमारास. परतीला अडीच तास. अर्धा तास हाताशी ठेवायचा. म्हणजे दुपारी तीन वाजता, जिथे असेन तिथून मागे वळायचं. तो कागद मी पेट्रोलच्या टाकीवरच्या पिशवीत ठेवला.

माझ्या मनात मात्र फिरोजपूरच्याही पुढचं एक ठिकाण होतं. ते मी घरी सांगितलं नव्हतं.

कचऱ्याचा डोंगर आणि देवराई

सकाळी साडेसहाला निघाले. गुरुग्राम-फरिदाबाद रस्ता लागला की दहा मिनिटांत इमारती मागे पडतात आणि दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं सुरू होतात. या रस्त्यावरचा सर्वांत उंच डोंगर मात्र दगडाचा नाही, बंधवाडीच्या कचऱ्याचा आहे. हेल्मेटची काच खाली करूनही वास येतो.

त्याच्यापासून थोड्याच अंतरावर मांगर गाव आहे आणि गावामागे मांगर बणी. ‘बणी’ म्हणजे आपल्याकडची देवराईच. इथल्या गुर्जर गावांची गुदडिया बाबांवर श्रद्धा. बणीतली फांदी तोडली तर बाबांचा कोप होतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कुणी कुऱ्हाड लावली नाही. इतरत्र विलायती बाभळीने सगळं व्यापलेलं असताना इथे अजून धौ नावाच्या मूळच्या झाडाचं दाट रान आहे. हिवाळ्याच्या शेवटी त्याची पानं तांब्यासारखी दिसतात. याच परिसरातल्या गुहांमध्ये आदिमानवाने काढलेली चित्रं असल्याची नोंद २०२१ साली हरियाणाच्या पुरातत्त्व खात्याने घेतली. मी रानात शिरले नाही. गावाच्या कडेला गाडी लावून उभी राहिले, मोरांचा आवाज ऐकला आणि पुढे निघाले.

पाली, धौज करत सोहन्याला पोचले तेव्हा नऊ वाजले होते. सोहना हे डोंगराच्या पायथ्याशी टेकलेलं गाव. इथे गंधकाच्या गरम पाण्याचं शिवकुंड आहे. सांधे दुखणारी माणसं लांबून आंघोळीला येतात. मी फक्त चहा घेतला.

घाटात पंक्चर

सोहन्याहून सरळ रस्त्याने नूह जवळ पडतं. पण मला घाट हवा होता, म्हणून उजवीकडे तावडूचा रस्ता धरला. सोहन्यामागून हा रस्ता वळणं घेत डोंगरावर चढतो, तावडूला पठारावर नेतो आणि तिथून नूहकडे पुन्हा उतरतो. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे घाट म्हणजे पोराटकीच. पण वळणावर गाडी कलती करून सोडायची, गिअर खाली आणायचा, पुन्हा सरळ व्हायचं, हे मी पहिल्यांदाच, मागे कुणी बसलेलं नसताना करत होते. हेल्मेटच्या आत मी चक्क गात होते.

रस्त्याच्या कडेला डोंगराचे अर्धे कापलेले कडे दिसतात. कित्येक वर्षं इथला दगड दिल्लीच्या बांधकामांना गेला. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने फरिदाबाद, गुरुग्राम आणि मेवातच्या अरवलीत खाणकाम थांबवलं. माझी नवव्या मजल्याची खिडकी कुठल्या डोंगराची असेल, हा विचार त्या कड्यांपुढे आपोआप आला.

तावडू सोडून उताराला लागले आणि साडेदहाच्या सुमारास मागचं चाक डोलायला लागलं. कशीबशी कडेला आले. टायरमध्ये बोटभर खिळा. टायर ट्यूबचा. माझ्याकडे हवा भरायचा छोटा पंप होता, पण चाक खोलता येत नव्हतं. मोबाइलला एक कांडी रेंज. समोरून दगड भरलेले डंपर हॉर्न वाजवत जात होते.

तेवढ्यात डोंगरातून दोघी बायका डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन उतरल्या. एक माझ्या वयाची, एक बरीच म्हातारी. मोळ्या खाली टाकून त्यांनी आधी गाडी पाहिली, मग मला.

“अकेली?”

“हाँ.”

“घरवाला?”

“घर पर.”

म्हातारी खळखळून हसली. धाकटीने रस्त्यावरून जाणाऱ्या स्कूटरवाल्या मुलाला हाक मारून थांबवलं आणि त्याला खालच्या पंक्चरवाल्याकडे पिटाळलं. मला वाटलं, आता या निघतील. पण दोघी माझ्याशेजारी दगडावर बसल्या. “वो आवे, तब जाएँगे,” म्हातारी म्हणाली.

पंक्चरवाला यायला तासभर लागला. मी डब्यातली थालीपिठं काढली. “ये कौन-सी रोटी?” मी सांगितलं, ज्वारी, बाजरी, गहू, डाळ, सगळं एकत्र. बाजरी हा शब्द ओळखीचा निघाला आणि मग गप्पा सुरू झाल्या. त्या रोज या डोंगरात येतात. चुलीला लाकूड, शेळ्यांना पाला. कधी दोघी, कधी एकटी.

“डर नहीं लगता?” मी विचारलं.

“तुझे लगे?” धाकटीने उलट विचारलं.

“लगता है.”

“हमें भी लगे,” ती म्हणाली, “पर चूल्हा थोड़े ही माने.”

मी गप्प बसले. ज्या गोष्टीसाठी मी घरात तीन दिवस चर्चा केली, कागदावर हिशेब मांडला, ती या दोघी रोज करत होत्या, आणि त्याला कुणी सहल म्हणत नव्हतं.

पंक्चरवाल्याने मधल्या स्टँडवर गाडी चढवून चाक काढलं, ट्यूबला ठिगळ लावलं आणि मला म्हणाला, “देख लो मैडम, अगली बार खुद कर लोगी.” मी खरंच नीट पाहिलं. निघताना म्हातारीने माझ्या हेल्मेटवर हात ठेवला. डोकं आत होतं, पण आशीर्वाद पोचला.

गालिबची पेन्शन आणि आपली लढाई

नूहला साडेबारा वाजले. इथली बहुसंख्य वस्ती मेव मुसलमानांची. बाबराविरुद्ध १५२७ साली खानव्याच्या लढाईत राणा संगाच्या बाजूने लढत पडलेला हसन खान मेवाती इथलाच. फाळणीच्या वेळी मेव लोक पाकिस्तानच्या वाटेवर असताना १९ डिसेंबर १९४७ रोजी महात्मा गांधी नूहजवळच्या घासेडा गावी आले आणि त्यांनी इथेच राहा म्हणून विनवलं. बरेचसे राहिले. २०१८ साली नीती आयोगाने मागास जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा मेवात सर्वांत खाली होता. गुरुग्रामच्या काचेच्या इमारतींपासून हे अंतर जेमतेम दीड तासाचं.

नूहपासून पुढे डावीकडे मोहरीची पिवळी शेतं आणि उजवीकडे अरवलीची भिंत. सव्वादोनला फिरोजपूर झिरका आलं. ‘झिर’ म्हणजे झरा. गावाबाहेर डोंगराच्या खिंडीत बारा महिने पाझरणारा झरा आणि शंकराचं जुनं देऊळ आहे. पांडव वनवासात इथे आले होते, असं सांगतात. महाराष्ट्रातल्या लेण्यांसारखेच इथलेही पांडव सगळीकडे जाऊन आलेले!

या गावाला आपल्या इतिहासाचा एक धागा आहे आणि मी निघाले होते तो त्यासाठीच. इथून दक्षिणेला, अलवर जिल्ह्यात लासवारी आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजला दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि दिल्ली इंग्रजांकडे गेली. त्या लढाईचा स्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्समध्ये आहे. त्यानंतर १ नोव्हेंबरला शिंद्यांच्या उरलेल्या कवायती पलटणी लासवारीला जनरल लेकसमोर उभ्या राहिल्या. तोफा हातच्या जाईपर्यंत त्या हटल्या नाहीत आणि हजारो माणसं तिथे पडली. उत्तरेतली मराठ्यांची सत्ता त्या मैदानावर संपली.

या युद्धात इंग्रजांना मदत केली म्हणून अहमद बक्श खान यांना फिरोजपूर झिरक्याची जहागीर मिळाली. आणि मिर्झा गालिब आयुष्यभर ज्या पेन्शनसाठी झगडले, ती याच जहागिरीतून यायची. महिना साडेबासष्ट रुपये. कशाबद्दल? तर गालिबचे काका नसरुल्ला बेग यांच्याबद्दल. ते मराठ्यांच्या चाकरीत आग्र्याचे किल्लेदार होते आणि त्यांनी किल्ला लेकच्या हवाली केला होता. शिंदे, लेक, गालिब, सगळे या एका लहानशा गावात येऊन मिळतात.

तीन वाजले

मी खिंडीत झऱ्याजवळ बसले होते. घड्याळात तीनला पाच मिनिटं कमी. लासवारीला जाऊन यायचं तर किमान दोन तास. पंक्चरने खाल्लेले दोन तास मिळाले असते, तर सहज जमलं असतं.

मन सांगत होतं, ‘इथवर आलीस, आता काय! फोन करून उशीर होईल म्हणून सांग.’ मागे नवरा बसलेला असता तर त्यानेच ठरवलं असतं, आणि चुकलं असतं तर त्याच्यावर चिडताही आलं असतं. आता चिडायलाही कुणी नव्हतं. पण अंधार, डंपर, ठिगळ लावलेली ट्यूब आणि मी, एवढाच हिशेब होता. सासूबाईंना दिलेला शब्द तर होताच. तरी खरं सांगते, मी त्यांच्या धाकाने वळले नाही. सकाळी शांत डोक्याने मी जे ठरवलं होतं, ते दुपारच्या हुरळलेल्या डोक्यापेक्षा शहाणं होतं, म्हणून वळले.

तीन वाजून दोन मिनिटांनी गाडी नूहच्या दिशेला तोंड करून उभी होती. थोडं वाईट वाटलं. मग दहा-बारा किलोमीटरनंतर वाटेनासं झालं. एकटीने प्रवास करणं म्हणजे हवं तिथे जाणं, असं मला वाटायचं. कुठून परतायचं हे स्वतः ठरवणं त्याहून अवघड आणि त्याहून मोलाचं आहे.

सोहना ओलांडल्यावर दिल्ली-मुंबई एक्स्प्रेस-वेची पाटी लागली. ‘मुंबई’ हे नाव वाचून आत काहीतरी हललं. पण त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. आमच्यासाठी साधेच रस्ते. बरंच आहे. एक्स्प्रेस-वेवर मोळीवाल्या भेटल्या नसत्या.

पावणेसहाला मी पार्किंगमध्ये होते. वर सासूबाईंनी चहाचं आधण ठेवलेलं होतं.

तुम्हीही जाणार असाल तर

अरवलीत ऑक्टोबर ते मार्च फिरावं. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या धुक्यात निघू नये. सोहना-तावडू-नूह हा घाटाचा टप्पा दिवसाउजेडीच करावा, कारण डंपरची वर्दळ असते. जास्तीची ट्यूब, पंप, पाणी आणि गाडीची कागदपत्रं जवळ ठेवावीत. निघण्याआधी चाक खोलायला शिकून घ्यावं. कुठे जाणार आणि कधी परतणार हे घरी सगळं सांगावं, माझ्यासारखं अर्धंच नको. आणि परतीची वेळ घरूनच ठरवून निघावं.

लासवारी तिथेच आहे, मी पुन्हा जाईन. चाक काढायला आता सोसायटीच्या गॅरेजवाल्याकडे शिकते आहे. पुढच्या खेपेला थालीपिठं मात्र चार जास्त बांधून नेईन. घाटात दोघीजणी भेटतीलच.