आयदानाची वीण आणि लिहिणारीची सवड

नोकरी, घर, मुले आणि लेखन हे सारे सांभाळणाऱ्या स्त्रीविषयी मराठीत काही लिहिले जाते, तेव्हा ‘तारेवरची कसरत’ हा शब्दप्रयोग हटकून येतो. तो कौतुकाने वापरला जातो, हे खरे. परंतु भाषेचा अभ्यास करणाऱ्या माझ्यासारखीला त्यापाशी थांबल्यावाचून राहवत नाही. तारेवर चालणारी व्यक्ती एकटी असते. बाकीचे सारे खाली उभे राहून पाहतात. ती पार गेली तर टाळ्या वाजतात आणि पडली तर तिचा तोल गेला असे म्हणतात. ती तार कोणी बांधली, किती उंचीवर बांधली आणि तिचे दुसरे टोक कोणाच्या हाती आहे, हे प्रश्न त्या रूपकात उरतच नाहीत. रूपके आपल्या विचारांना वाट दाखवतात, तशी काही वाटा बंदही करतात. म्हणून लिहिणाऱ्या स्त्रीच्या संसाराकडे पाहण्यासाठी दुसरे एखादे रूपक आपल्याच भाषेत सापडते का, याचा शोध येथे घ्यायचा आहे.

त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. लेखनाविषयी बोलताना आपण जे शब्द सहज वापरतो, त्यांतील कितीतरी हस्तकलेतून आलेले आहेत. ‘ग्रंथ’ या शब्दाच्या मुळाशी बांधणे, गुंफणे या अर्थाचा संस्कृत धातू आहे. ‘निबंध’ आणि ‘प्रबंध’ यांतही बांधणेच आहे. ‘सूत्र’ म्हणजे दोरा आणि ‘सूत्र’ म्हणजे थोडक्यात सांगितलेला सिद्धान्तही. ‘ओवी’चा संबंध ‘ओवणे’ या क्रियापदाशी जोडला जातो. कथेला पदर असतात, कथानकात गाठ पडते आणि तिची उकल होते, शैलीची वीण घट्ट किंवा सैल असते. इंग्रजीतील ‘टेक्स्ट’ आणि ‘टेक्स्टाइल’ हे शब्दही विणणे या अर्थाच्या एकाच लॅटिन क्रियापदापासून आले आहेत. लिहिणे आणि विणणे यांना भाषेने असे एका घरात नांदवले आहे. मात्र आपल्या समाजाने त्यांची वाटणी फार काळ वेगळी केली. विणणाऱ्या, शिवणाऱ्या, ओवणाऱ्या हातांत स्त्रियांचे हात मोठ्या संख्येने होते. लेखणी धरणारे हात बहुतांशी पुरुषांचे होते, आणि तेही ठरावीक जातींतील.

मी ज्या माटुंग्यात राहते, तेथील फुलबाजारात संध्याकाळी गेले की ही हातांची विद्या पाहायला मिळते. मोगरा, अबोली, शेवंती यांचे ढीग समोर असतात. गजरे गुंफणाऱ्या बाईचे डोळे गिऱ्हाइकाकडे असतात, तोंडाने भाव सांगणे चालू असते, मध्येच शेजारणीशी दोन शब्द होतात. बोटे मात्र दोन-दोन फुले एकमेकांकडे पाठ करून दोऱ्यात अडकवीत राहतात. कोणत्याही क्षणी काम थांबवावे लागले तरी झालेला गजरा सुटत नाही, कारण प्रत्येक गाठ तेथल्या तेथे पक्की झालेली असते. लोकलच्या महिलांच्या डब्यातही हेच दिसते. दोन स्थानकांच्या मधल्या वेळात कोणी मेथी निवडते, कोणी लोकरीचे विणकाम काढते, तर कोणी पुस्तक उघडते. स्थानक आले की सारे पिशवीत जाते आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे सुरू होते.

मराठीत अशा कामांसाठी एक मार्मिक शब्द आहे, ‘हातासरशी’. “हातासरशी एवढे करून टाक” असे वाक्य कोणत्याही घरात ऐकू येते आणि ते बहुधा बाईलाच उद्देशून असते. एक काम चालू असताना त्याच ओघात दुसरे उरकणे, असा त्याचा अर्थ. तसेच ‘वेळ’ आणि ‘सवड’ या दोन शब्दांतील भेदही पाहण्याजोगा आहे. वेळ सर्वांपाशी असते, म्हणजे दिवसाचे चोवीस तास. सवड मात्र ‘मिळते’ किंवा ‘काढावी लागते’. ‘मिळते’ म्हटले की देणारे कोणीतरी आले. ‘काढावी लागते’ म्हटले की ती कशातून तरी काढायची. मराठी स्त्रियांच्या लेखनाचा इतिहास हा बऱ्याच अंशी हातासरशी आणि काढलेल्या सवडीत झालेल्या लेखनाचा इतिहास आहे.

जात्यावरची ओवी हे त्याचे जुने आणि ठळक उदाहरण. पहाटे दळण दळायचेच असे. त्या श्रमाच्या लयीतच ओवी जन्मली. ती आटोपशीर आणि स्वयंपूर्ण असते. मूल रडले म्हणून दळण थांबले तरी म्हटलेली ओवी अर्धी राहत नाही आणि पुन्हा खुंटा हाती आला की पुढची सुचते. खंडित वेळेत टिकेल असा रचनाबंध त्या स्त्रियांनी घडवला, ही साहित्यशास्त्राने नोंद घ्यावी अशी गोष्ट आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेडोपाडी अशा एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात राबत असताना त्यांना सुचलेली गाणी मुलाने आणि एका नातलगाने जमेल तशी टिपून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. टिपून घेणारा हात जवळ नसता तर काय झाले असते, हे वेगळे सांगायला नको. रचणारीचे काम तिचे एकटीचे असले तरी ते टिकण्यासाठी दुसरा हात लागतो.

या पार्श्वभूमीवर आपण उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ या आत्मकथनाकडे येऊ. ‘ग्रंथाली’ने ते २००३ मध्ये प्रसिद्ध केले. ‘बलुतं’ आणि ‘उपरा’ वाचकांसमोर आणणाऱ्या या वाचक चळवळीचे कार्यालय माटुंगा पश्चिमेला आहे, हे येथील विद्यार्थ्यांना सांगताना मला नेहमी बरे वाटते. ‘आयदान’ हा शब्द बांबूपासून बनवलेल्या वस्तूंसाठी आहे. भांडे आणि हत्यार असेही त्याचे अर्थ आहेत. महाराष्ट्राच्या इतर भागांत टोपल्या, सुपे विणण्याचे काम बुरूड समाजाकडे होते. कोकणात ते महार समाजाकडे होते. उर्मिलाबाईंचा जन्म १९४५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात झाला. त्या शाळकरी वयात असतानाच वडील गेले आणि आईने आयदाने विणून संसार चालवला.

टोपली कशी होते, हे क्षणभर डोळ्यांसमोर आणा. बांबू फोडून त्याच्या कांबी काढायच्या, त्या तासून पातळ करायच्या, ओलसर ठेवायच्या, म्हणजे त्या वाकतात, मोडत नाहीत. तळाशी कांबी आडव्या-उभ्या मांडून मग एक खालून, एक वरून अशी वीण फिरवत वर न्यायची आणि शेवटी काठ आवळून बांधायचा. टोपलीला खिळा नसतो, डिंक नसतो. प्रत्येक कांब सरळ व्हायला पाहते आणि शेजारची तिला धरून ठेवते. टोपली उभी राहते ती या ताणामुळेच. आईची ही वीण आणि आपले लेखन यांचे नाते आतून जोडलेले आहे, असे उर्मिलाबाईंनी म्हटले आहे. दोन्हींत वेदनेची वीण आहे, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा.

परंतु हे साम्य वाचून आपण फार लवकर भारावून जाऊ नये. उर्मिलाबाईंच्या आईचे विणकाम हा छंद नव्हता. ते पोटासाठी होते आणि जातीने नेमून दिलेले होते. लहानपणी त्या टोपल्या पोहोचवायला घरोघर जात, तेव्हा काही ठिकाणी टोपलीवर पाणी शिंपडून ती आत घेतली जाई आणि पैसे वरून हातावर टाकले जात. त्याच टोपल्यांमध्ये त्या घरांतले धान्य साठत असे. कलावस्तूचे कौतुक करताना ती घडवणाऱ्या हाताला कोणता मान मिळाला, हे विचारायला ‘आयदान’ आपल्याला शिकवते.

दूरच्या एका उदाहरणाने हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. दक्षिण अमेरिकेतील चिली या देशात व्हिओलेता पार्रा (१९१७–१९६७) ही गीतकार आणि गायिका होऊन गेली. आपल्या देशातील लोकगीते तिने खेडोपाडी फिरून गोळा केली. आजारपणात अंथरुणाला खिळली असताना तिने गोणपाटावर लोकरीने भरतकाम सुरू केले. १९६४ मध्ये त्या भरतकामाचे प्रदर्शन पॅरिसच्या लूव्र राजवाड्यातील शोभाकलांच्या संग्रहालयात झाले. पुढे १९७३ मध्ये चिलीत लष्करी राजवट आली, तेव्हा ज्यांची माणसे नाहीशी करण्यात आली होती अशा स्त्रियांनी कापडाचे तुकडे गोणपाटावर शिवून आपली कहाणी सांगितली. ज्यांना बोलण्याची मुभा नव्हती, त्यांचा टाका बोलला. सुई असो, बांबू असो की लेखणी, सांगण्याची निकड तीच असते.

उर्मिलाबाई मुंबईत आल्या त्या नोकरी करणारी गृहिणी म्हणून. नोकरी, मुले, घरकाम हे चालू असतानाच त्यांनी पुढील शिक्षण घेतले आणि मराठी विषयात एम. ए. केले. ‘सहावं बोट’, ‘चौथी भिंत’ हे कथासंग्रह लिहिले. मीनाक्षी मून यांच्यासह आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये सिद्ध केले. बहिणाबाईंच्या बाबतीत टिपून घेणारा हात मुलाचा होता. येथे स्त्रियांनीच स्त्रियांच्या आठवणी टिपल्या. या वाटचालीची किंमतही ‘आयदान’मध्ये लपवलेली नाही. शिकण्यावरून, सभांना जाण्यावरून पतीशी उडालेले खटके, घराकडे दुर्लक्ष होते हा आरोप, त्यामुळे होणारी तगमग, हे सारे त्यात आहे. तेथे कोणी विजयी मुद्रेने तारेवरून पार झालेले नाही. ताण अखेरपर्यंत आहे आणि त्या ताणातूनच पुस्तकाला आकार आला आहे.

काही वर्षांपूर्वी माटुंग्यातील एका अभ्यासकेंद्रावर रविवारच्या संपर्कसत्रात मी हे पुस्तक शिकवत होते. वर्गात एक चाळिशीतील विद्यार्थिनी होती. ती घरी साड्यांना फॉल-बीडिंग करून देत असे आणि टिपणे जुन्या बिलांच्या पाठकोऱ्या बाजूवर काढत असे. तिने विचारले, “बाई, सवड काढायची असते हे कळले. पण ती नेमकी कोणाच्या वाटणीतून काढायची?”

मी तो प्रश्न वर्गापुढे ठेवला. बहुतेक स्त्रियांचे उत्तर एकच होते, झोपेतून. पहाटे चारला उठायचे किंवा रात्री सगळे निजल्यावर बसायचे. मग रात्रपाळीचा एक सुरक्षारक्षक, जो वर्गात क्वचितच बोले, तो म्हणाला, “माझी सवड माझ्या बायकोने दिली आहे. दर रविवारी ती मुलांना घेऊन परळला माहेरी जाते, म्हणून मी इथे बसलेलो आहे. हे आजवर मी कोणाला बोलून दाखवले नव्हते. तिलाही नाही.” यावर ती विद्यार्थिनी शांतपणे म्हणाली, “मला तसे देणारे कोणी नाही.”

वर्गात कोणीही तिचे सांत्वन केले नाही आणि ते योग्यच झाले. पुढच्या महिन्यात तिने सांगितले की, रविवारी काम घेणार नाही असे तिने गिऱ्हाइकांना कळवले होते. चार गिऱ्हाइके तुटली. महिन्याचा हिशेब तिने बोटांवर मोजून दाखवला. त्या वर्षी ती परीक्षेला बसली. तिचे स्वाध्याय वेळेवर आले, अक्षर घाईचे होते, आणि ‘आयदान’वरील उत्तरात पैसे वरून टाकण्याच्या प्रसंगाविषयी तिने लिहिलेले पान मी आजही इतर वर्गांना वाचून दाखवते.

तिचा प्रश्न मी ‘आयदान’च्या अभ्यासातला पहिला प्रश्न मानते. साहित्यकृतीची भाषा, रचना, अनुभवविश्व यांचा विचार आपण करतोच. त्याबरोबर ही कृती कोणत्या वेळेत लिहिली गेली, ती वेळ कोणाच्या श्रमातून आली आणि कोणती कामे बाजूला राहिली, हेही विचारायला हवे. हा प्रश्न पुरुष लेखकांच्या ग्रंथांनाही लागू आहे. ग्रंथाच्या प्रस्तावनेत शेवटच्या ओळीत पत्नीचे आभार येतात, तेव्हा त्या एका ओळीमागे किती वर्षांची सवड साठलेली असते, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

तुमच्यापैकी अनेक जण ही पुस्तिका कामावरून परतताना, मुलांचा अभ्यास घेता घेता किंवा स्वयंपाकघरातील कट्ट्यापाशी उभ्याने वाचत असतील. वाचन मध्येच तुटले तर खंत करू नका. ओवी आणि गजरा तुटक वेळेतच घडले आहेत. एका बैठकीत एक परिच्छेद पक्का करा, त्याला गाठ मारा आणि उठा. मात्र तेवढ्यावर समाधानही मानू नका. टोपलीची एक कांब दुसरीला धरून ठेवते, तसे घरातील कोणी तुमचे टोक धरून आहे का, आणि तुम्ही कोणाचे धरले आहे का, हे एकदा पाहा. कोणी धरले असेल तर ते त्या व्यक्तीला बोलून दाखवा. धरले नसेल तर मागा. सवड ‘मिळते’ असे मराठी म्हणते, पण त्याआधी ती मागावी लागते.