डावा पाय

29 जून 2025
ड्रमच्या क्लासात नवीन धडा. उजवा हात दोन मात्रांत तीन ठोके वाजवणार, डावा पाय हाय-हॅटवर दोन. वाचायला एक ओळ. वाजवायला घेतलं तर पाय हाताच्या मागे धावला. सर माझ्या निम्म्या वयाचे. म्हणाले, "काका, पायाकडे बघू नका. तो लाजतो."

1 जुलै
गाडीत सराव होईल असं वाटलं होतं. डोंबिवली ते ठाणे, पाय हलवायलाच जागा नाही.

3 जुलै
हिशोब मला नवा नाही. आड लय लहानपणी हातावर ताल धरून म्हणत होतो. तोंड तीन म्हणायचं, हात दोन द्यायचा, गुरुजी समोर. पण तबलजी मांडी घालून बसतो. इतकी वर्षं पायांना मुंग्या येण्यापलीकडे काही काम नव्हतं.

6 जुलै, आषाढी
टीव्हीवर पंढरपूर. हातात टाळ, पायात पावली, तोंडी अभंग. वाकतात, मागे सरतात, उडी घेतात, टाळ चुकत नाही. त्यांना कुणी आधी हात वेगळा, पाय वेगळा असं शिकवलं असेल असं वाटत नाही.
पण त्यांचं सगळं एकाच लयीत आहे. तीनावर दोन नाही. (स्वतःची समजूत.)

9 जुलै
खालच्या काकू वर आल्या. रबरी पॅड हाताचा आवाज खातं, पायाचा थेट त्यांच्या छतात. सतरंजी चार पदरी केली.

12 जुलै
सरांनी जिम चेपिनचं पुस्तक दाखवलं. 1948 चं. उजवा हात आणि हाय-हॅट एकच ठेका धरून बसतात, त्याखाली डावा हात नि उजवा पाय दर ओळीला नवीन काहीतरी. आपल्याकडे लेहरा पेटीवाला धरतो, तबलजी मोकळा. इथे लेहराही आपणच धरायचा.

13 जुलै
नाही जमत.

15 जुलै
रात्री त्रिलोक गुर्टू ऐकला. गिटारवाल्या मॅक्लॉफ्लिनबरोबरची लंडनची मैफल, 1989 ची. शोभाताई गुर्टूंचा मुलगा. घरात ठुमरी, हातात तबला, मग ड्रम. आणि स्टुलावर बसत नाही, जमिनीवर गुडघा टेकून वाजवतो. सरांना विचारलं, मीही खाली बसू का? सर हसले. मी विनोद करत नव्हतो.

18 जुलै
मैदानावर ढोल-ताशा पथकाची तालीम सुरू झाली. ऑफिसातून येताना थांबलो. ताशा एकाच्या गळ्यात, ढोल दुसऱ्याच्या कमरेला. प्रत्येकाला एकच काम. किती सुखी माणसं.
ड्रमचंही पूर्वी असंच. बेस ड्रमला एक माणूस, स्नेअरला दुसरा. मग पायाचं पेडल आलं. लुडविगचं 1909 चं. एकाचा पगार वाचला, उरलेल्याच्या अंगावर दोघांचं काम. ऑफिसातलं कुणी आठवलं, नाव लिहीत नाही.

21 जुलै
मुंब्र्याला गाडी थांबली होती. बॅगेवर बोटं चालू. उजव्या हाताचा ना, डाव्याचा गे, दोन्ही एकत्र पडले की धा. धा वाजवताना मी कधी दोन हात मोजले? मग हेही तसंच म्हणून बघितलं. सहा खणांत:
धा ऽ ना गे ना ऽ
दादऱ्याएवढी जागा. तीन ना, दोन गे, पहिल्या धा मधले धरून. तोंडात बसलं. ठाण्याला उतरायचं राहिलं असतं.

22 जुलै
पाय ऐकतोय! गे आला की टाच वर, पंजा खाली. अगदी सावकाश. बायको म्हणाली, "आज शिव्या ऐकू आल्या नाहीत."

23 जुलै
लय थोडी वाढवली. गेलं.

27 जुलै
कल्याणला गुरुजींकडे. भिंतीवर थिरकवाँ खाँसाहेब, शेजारी ठाण्याचे भाई गायतोंडे. ड्रमचं ऐकून गुरुजी आधी काही बोलले नाहीत. मग, "पायातच हवं होतं तर कथक शिकायचंस." चहा आला. मग, "वाजव बघू." पाय नाही, तबल्यावरच. डोळे मिटून ऐकलं.
"गे उशिरा येतोय. पुढच्या ना ला चिकटतोय. दोन ना च्या बरोब्बर मध्ये पाहिजे."
डग्ग्यावरही उशीर! म्हणजे महिनाभर पायाला उगाच बोल लावत होतो.
निघताना म्हणाले, "लय कमी कर. अजून. लाज वाटेपर्यंत कमी कर."

30 जुलै
मेट्रोनोम चाळीसवर. एकेक खण जांभई देण्याइतका. गे ची जागा आता आधी दिसते.

3 ऑगस्ट
हाताने तीन सोडून भलतंच वाजवलं, पाय दोन धरून राहिला. दोन आवर्तनं. तिसऱ्यात मला कळलं की तो राहिलाय, आणि लगेच सुटला.

5 ऑगस्ट
यावर भांडण आहे माझं सरांशी. ते म्हणतात, चारही अवयव स्वतंत्र व्हायला हवेत. मला नाही पटत. मुखडा घेताना मी डावा-उजवा कुठे बघतो? बोल एक असतो, हातांत वाटला जातो. सर म्हणाले, "मग प्रत्येक ओळीला नवीन बोल पाठ करणार का?" उत्तर सुचलं नाही. चेपिनच्या पानावर ओळी पुष्कळ आहेत.

8 ऑगस्ट
खालच्या काकूंनी विचारलं, बंद केलं का? नाही म्हटलं. सतरंजीखाली गादीही घातली आहे.

10 ऑगस्ट
धडा पास. पुढचा चारावर तीन. वर्गातच वहीत लिहून घेतलं:
धा ऽ ऽ ना गे ऽ ना ऽ गे ना ऽ ऽ
सरांनी बघितलं. "आणि काका, यात उजवा पाय कुठे आहे?"