थेम्सकांठचा शेंगदाणा

लंडन शहर पाहावयास गेलेला आपल्याकडील मनुष्य वेस्टमिन्स्टर पुलावर आला म्हणजे पार्लमेंटच्या मनोऱ्याकडे पाहत उभा राहतो. मीहि पहिल्या दिवशीं तसाच उभा राहिलों. पूल ओलांडून उजव्या हाताला वळलें कीं सेंट थॉमस नांवाचें विशाल रुग्णालय लागतें. नाइटिंगेलबाईंनीं परिचारिकांची सुप्रसिद्ध शाळा १८६० सालीं याच संस्थेच्या आश्रयानें काढली. शेजारींच लहान मुलांचें एव्हेलिना रुग्णालय आहे. त्या दिवशीं मी या इमारतींवरून नुसता चालून गेलों. महिन्याभरानें पुन्हा तेथें मुद्दाम गेलों, तो एका शेंगदाण्याच्या पायीं. ती हकीकत वाचकांस, विशेषतः घरांत तान्हें मूल असणाऱ्या वाचकांस, उपयोगी पडेल म्हणून सांगतों.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त लंडनांत असतात. आम्ही उभयतां गेलों तेव्हां नातू पांच महिन्यांचा होता. मूल गोड, परंतु गालांवर व कोपरांच्या लवणींत इसब फुललेला. उष्टावणाचा विचार निघाला तेव्हां सूनबाईनें निक्षून सांगितलें कीं, बाळाला तीन वर्षेंपर्यंत शेंगदाणा द्यावयाचा नाहीं. ज्या घरांत दमा, इसब अशा व्याधि आहेत तेथें मुलांस तो देऊं नये, असा उपदेश इंग्लंडांतील सरकारी तज्ज्ञांनीं १९९८ सालीं केला होता, व तो तिच्या कानीं कोठून तरी आला होता.

मी देशावरचा मनुष्य. कोशिंबिरींत कूट, भाजींत कूट, एकादशीच्या खिचडींत तर कूटच कूट! मी जरा त्राग्यानेंच म्हणालों, "सूनबाई, आमच्या पिढ्या शेंगदाण्यावर वाढल्या. ही सारी साहेबी भीति आहे."

ती शांतपणें म्हणाली, "बाबा, ज्या पिढ्या वाढल्या त्या तुम्हांला दिसतात. एखादें मूल गेलें असेल, तर तें कशानें गेलें हें कोणीं पाहिलें?"

चाळीस वर्षें मुलांना प्रश्न विचारण्यांत घालविलेल्या मला या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं. मग मीं चिरंजिवांकडून या विषयावरील कागद मिळविले व वाचूं लागलों.

किंग्ज कॉलेजांतील प्राध्यापक गिडियन लॅक व त्यांचे सहकारी यांनीं ब्रिटनमधील व इस्रायलमधील यहुदी मुलांची तुलना केली. ती २००८ सालीं प्रसिद्ध झाली. वंश एक, पण शेंगदाण्याची अॅलर्जी ब्रिटनमध्यें सुमारें दसपट! भेद होता तो खाण्यांत. इस्रायलांत १९६६ पासून 'बांबा' नांवाचा शेंगदाण्याचा हलका कुरकुरीत खाऊ मिळतो व तेथील तान्हीं मुलेंहि तो चघळतात. ब्रिटनमधील आया मात्र शेंगदाणा टाळीत होत्या. पुढें इसब किंवा अंड्याची अॅलर्जी असलेलीं चार ते अकरा महिन्यांचीं ६४० मुलें घेऊन थेम्सकांठच्या या रुग्णालयांत प्रयोग झाला. निम्म्यांना शेंगदाणा नियमानें दिला, निम्म्यांना वर्ज्य केला. २०१५ सालीं निष्कर्ष बाहेर आला: पांचव्या वर्षीं वर्ज्य करणाऱ्यांत शेंकडा सतरांना अॅलर्जी, खाणाऱ्यांत शेंकडा तिघांना. तत्पूर्वींच, २००९ सालीं, सरकारनें तो जुना उपदेश मागें घेतला होता.

याचें कारण हे विद्वान असें देतात: अन्नाचा कण आधीं पोटांत गेला तर शरीर त्यास आपला मानतें, तोच फुटलेल्या, चिरलेल्या त्वचेंतून आधीं शिरला तर शरीर त्यास शत्रु समजतें. हें वाचलें आणि मी दचकलों. कारण आदल्याच एकादशीला आमच्या कुटुंबानें दाणे भाजून कुटले होते व त्याच हातांनीं इसबानें लाल झालेल्या नातवाला उचलून त्याचे गाल कुरवाळले होते! म्हणजे शेंगदाणा बाळाच्या मुखांत जाऊं नये म्हणून घरांत कडक बंदी, आणि कातडीवर मात्र तो रोज लागत होता.

तेव्हां सूनबाई चुकली होती काय? अर्धी. आणि मी? मीहि अर्धाच बरोबर. कारण ज्या बाळाला तीव्र इसब आहे किंवा अंड्याची अॅलर्जी आहे, त्याला घरच्या घरीं प्रथम शेंगदाणा चाटविणें धोक्याचें. आधीं वैद्याचा सल्ला व कसोटी हवी. मीं हट्टानें बोट चाटविलें असतें तर काय झालें असतें, हा विचार आजहि सुखाचा नाहीं.

घराजवळच्या रुग्णालयांत नातवाच्या हातावर सूक्ष्म टोंचून परीक्षा झाली. गांधी उठली नाहीं. नंतर डॉक्टरांच्या देखत पहिला चमचा दिला. शेंगदाण्याचें गुळगुळीत लोणी कोमट पाण्यांत पातळ कालवलेलें. घट्ट गोळा घशांत चिकटतो, आणि अख्खा दाणा तर पांच वर्षेंपर्यंत देऊंच नये. सूनबाईचे ओठ घट्ट मिटलेले, मी मनांत स्तोत्र म्हणत होतों. बाळानें मिटक्या मारल्या! पुढें आठवड्यांतून तीनदां सुमारें दोन चमचे हा नेम सुरू झाला. एकदां देऊन थांबणें नव्हे, नेमानें देत राहणें हेंच यांतील मर्म. गहूं, दूध, तीळ हेहि पदार्थ एकेक करून दिले. नीट शिजविलेलें अंडेंहि यांतच येतें. आमच्या स्वयंपाकघरांत तें कधीं शिजलें नाहीं, म्हणून त्याचा निर्णय सूनबाईवर सोंपविला.

आश्वलायनांनीं अन्नप्राशनाला सहावा महिना सांगितला आहे. त्यांना दक्षिण अमेरिकेचा हा दाणा ठाऊक नव्हता; पण इतके प्रयोग करून इंग्रज वैद्य त्याच महिन्याच्या आसपास येऊन पोंचले, याची मला गंमत वाटली.

परत निघण्यापूर्वीं मी पुन्हा त्या कांठावर गेलों व रुग्णालयाकडे तोंड करून बसलों. या वेळीं पार्लमेंट माझ्या पाठीशीं होतें. संध्याकाळीं घरीं आलों तों एकादशी. सूनबाईनें कुटाची खिचडी केली होती. वाटी पुढें ठेवून ती म्हणाली, "बाबा, पोटभर घ्या. मात्र हात धुवूनच बाळाला उचला."